क्रीडांगणाची मशागत

बीड शहर सोडून दक्षिणेकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत घाट लागतो, आणि घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर आलें कीं मांजरसुंबा हें गांव येतें. धुळ्याहून सोलापुराकडे जाणारा राजमार्ग आणि जामखेड, पाटोदा या बाजूनें येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा मार्ग यांचा येथें छेद होतो. वाटसरूला हें गांव ठाऊक असतें तें चौरस्त्यामुळें. भाविकाला ठाऊक असतें तें जवळच्या कपिलधार येथील मन्मथस्वामींच्या समाधीमुळें, जेथें कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. श्रोत्यांनीं मात्र आज या गांवाच्या मातीकडे पाहावें. माथ्यावरची ही जमीन बहुतेक हलकी. वीत-दोन वीत माती, तिच्याखालीं मुरूम आणि मुरुमाखालीं काळा पत्थर. सखल जागीं तेवढी काळी माती सांचलेली, जी पावसांत पायाला चिकटते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. पाऊस जिल्ह्याच्या सरासरीनें वर्षास सातशे मिलिमीटरच्या आंत, आणि तोही नेमानें पडेलच अशी खात्री कोणी देत नाहीं. अशा जागीं मुलांना अनवाणी पायांनीं धांवतां येईल, सूर मारतां येईल आणि पडलें तरी गुडघे शाबूत राहतील असें मैदान कसें तयार करावें व कसें टिकवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मैदान कोणत्या खेळाचें, हें आधीं ठरविलें पाहिजे. क्रिकेटला गवत लागतें, विस्तार लागतो आणि पाणी तर सढळ हातानें लागतें. कुस्तीचा हौद हें स्वतंत्र शास्त्र आहे. खेड्यांतील शाळेला परवडणारा, थोड्या जागेंत मावणारा आणि मुलामुलींना सारख्याच आवडीनें खेळतां येणारा खेळ म्हणजे खोखो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं त्याचे नियम बांधले, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२४ सालीं ते छापून प्रसिद्ध केले, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ तेथील लोकांना करून दाखविले. आतां तर त्याचा विश्वचषक झाला आहे. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारांत झालेल्या स्त्रियांच्या अंतिम सामन्यांत भारतानें नेपाळवर ७८ विरुद्ध ४० गुणांनीं जय मिळविला. त्या संघाची नायिका प्रियंका इंगळे ही मूळची याच बीड जिल्ह्यांतील, केज तालुक्यांतल्या कळंबअंबा गांवची. तिचें खेळांतील शिक्षण पुण्याकडे झालें ही गोष्ट खरी. तरीपण मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील प्रत्येक शाळेंतील मुलीला तिचें नांव आज पाठ असल्यास नवल नाहीं. शेजारच्या धाराशिव जिल्ह्याची सारिका काळे हिला २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खोखोसाठींच.

दिल्लीचा तो सामना कृत्रिम गादीवर झाला. मोठ्या स्पर्धा यापुढें गादीवरच होतील, आणि त्यांत रडण्यासारखें कांहीं नाहीं. गादीवर पायाला खडा लागत नाहीं, पाऊस आला तरी खेळ थांबत नाहीं. परंतु गादीची किंमत गांवच्या शाळेच्या आवांक्याबाहेर आहे, आणि तिला वर छप्पर लागतें तें निराळेंच. मातीवर वाढलेल्या खेळाडूला ऐन सामन्यांत गादी परकी वाटते ही अडचणही खरी. खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला गेले तेव्हां गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती आणि ते सहावे आले. पुढें तिचा सराव करून १९५२ सालीं हेलसिंकीला त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. म्हणजे माती सोडून गादीवर जातां येतें. मात्र पाया मातीवर घातला जातो, आणि ती माती चांगली नसेल तर मूल पहिल्याच वर्षीं गुडघे फोडून घेऊन खेळ सोडून देतें. तें कोणत्या स्पर्धेच्या यादींत येत नाहीं, म्हणून त्याची मोजदादही होत नाहीं.

मैदान करण्याची विद्या खेड्यांत नवी नाहीं. पूर्वीं प्रत्येक शेतकरी दर वर्षीं एक मैदान करीत असे. त्याला तो खळें म्हणे. सुगीच्या तोंडावर जागा पाहून गवत काढावें, जमीन सारखी करावी, पाणी मारून ती मुरवावी, बैल फिरवून किंवा धुम्मस मारून घट्ट करावी, मधोमध तिवडा पुरावा आणि मग सारवून घ्यावें. धान्याचा दाणा मातींत मिसळूं नये इतकी ती भूमि कठीण आणि नितळ होई. मळणीचीं यंत्रें आलीं आणि खळीं गेलीं. आज पंचविशींतल्या तरुणाला खळें करावयास सांगितलें तर तो गोंधळेल. पण त्याच्या घरांतील आजोबांना हें काम हातानें ठाऊक असतें. शाळेच्या मैदानाचें काम काढतांना शाळेनें प्रथम अशा दोन-चार वृद्धांना बोलवावें. ठेकेदाराला बोलाविण्यापूर्वीं.

कामाचा हंगाम हस्त नक्षत्राच्या थोडा आधीं. उन्हाळ्यांत कठीण जमीन खणणें म्हणजे मजुरी वायां घालविणें, आणि खणलेली जमीन मुरविण्यास पाणी कोठून आणावयाचें? भाद्रपद संपत आला कीं जमीन ओली असते, तण उपटून येतें आणि पुढें हस्ताचा पाऊस पडला तर मुरवणीचें पाणी आभाळच पुरवितें. प्रथम तण काढावें. त्यांतही दोन शत्रु मोठे. गाजरगवत हें फुलावर येण्यापूर्वींच, हाताला फडकें गुंडाळून, मुळासकट उपटावें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. दुसरा शत्रु सराटा. त्याचा वेल जमिनीला चिकटून पसरतो, पिवळें इवलेंसें फूल येतें आणि मग त्रिशूळासारखे कांटे असलेलीं फळें मातींत पडून राहतात. अनवाणी मुलांचा खेळ बंद पाडण्यास एक मूठभर सराटे पुरतात. वेल काढून भागत नाहीं. पडलेलीं फळें खराट्यानें गोळा करून जाळावीं लागतात, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां पहावें लागतें.

तण निघाल्यावर वीतभर खणून दगड वेंचावेत. हें काम कंटाळवाणें असतें आणि म्हणूनच अर्धवट राहतें. मैदानावर वरून चार अंगुळें नवी माती टाकून खालचे दगड झांकण्याची युक्ति पुष्कळ ठिकाणीं करितात. परंतु पहिल्याच पावसाळ्यांत माती वाहून जाते आणि दगड पुन्हां डोकें वर काढतात. मुरूम हलविण्याचें कारण नाहीं. तो मैदानाचा मित्र आहे, कारण खालचें पाणी तोच झिरपूं देतो. वरचा थर मात्र निव्वळ मुरुमाचा ठेवूं नये. त्याचे कंगोरे कातडें सोलून काढतात. निव्वळ काळी मातीही नको. दोहोंचें मिश्रण हवें. काळ्या मातीपेक्षां तलावांतील गाळ अधिक चांगला, कारण तो बारीक असतो. महाराष्ट्र सरकारनें २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली तेव्हांपासून उन्हाळ्यांत तलावांतील गाळ शेतांत नेण्याचा प्रघात वाढला आहे. शेतावर जाणाऱ्या गाड्यांतील कांहीं शाळेकडे वळल्या तर शेताचें फारसें नुकसान व्हावयाचें नाहीं.

किती माती लागेल याचा हिशेब आधींच करावा. खोखोचें अंगण २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. सभोंवतीं दीड-दीड मीटर मोकळी जागा धरली म्हणजे लांबी ३० व रुंदी १९, क्षेत्र ५७० चौरस मीटर. वरचा थर दाबून झाल्यावर १० सेंटिमीटर राहावा असें धरलें तर ५७ घनमीटर माती झाली. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारें २.८३ घनमीटर, तेव्हां वीस ब्रास. सैल माती दाबल्यावर बसते, म्हणून पंचवीस ब्रास आणावी. साधारण तीन भाग चाळलेला बारीक मुरूम व दोन भाग गाळ हें प्रमाण आरंभीं घ्यावें आणि मग परीक्षा करावी. परीक्षा सोपी आहे. मिश्रण भिजवून तळहाताएवढी वडी थापावी आणि दोन दिवस उन्हांत वाळवावी. तिला भेगा पडल्या तर गाळ जास्त झाला. अंगठ्यानें दाबतांच ती भुगा झाली तर मुरूम जास्त झाला. दोन-तीन वड्या फुकट गेल्या तरी चालतील, पंचवीस ब्रास फुकट जातां कामा नयेत.

थर पसरतांना मधली रेषा थोडी उंच ठेवावी आणि दोन्ही बाजूंना शंभरास एक असा उतार द्यावा. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या आठ मीटरांत आठ सेंटिमीटर. डोळ्याला हा उतार दिसत नाहीं, पावसाच्या पाण्याला मात्र बरोबर दिसतो. बाहेर चर खणून तें पाणी काढून द्यावें. लांबी शक्यतों दक्षिणोत्तर असावी, म्हणजे या खांबाकडून त्या खांबाकडे धांवणाऱ्याच्या तोंडावर मावळतीचें ऊन येत नाहीं. पश्चिमेकडे तोंड करून बसणाऱ्या चौघांच्या डोळ्यांत तें येतेंच. त्याला इलाज नाहीं.

आतां या विद्येचा गाभा. तो म्हणजे वाफसा. पेरणीसाठीं शेतकरी ज्या ओलीची वाट पाहतो तीच ओल मैदान दाबण्यासाठीं लागते. ओल जास्त असतां रूळ फिरविला तर माती रुळाला चिकटून वर येते आणि खालचा थर चिखलाप्रमाणें हलतो. ओल कमी असतां फिरविला तर नुसती धूळ उडते आणि जमीन वरून गुळगुळीत, आंतून पोकळ राहते. मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो पडून तीन-चार तुकडे झाले तर वाफसा आला; चपटा होऊन तसाच राहिला तर एक दिवस थांबावें; मुठींतच विरघळला तर पाणी मारावें. रूळ प्रथम लांबीनें, मग रुंदीनें फिरवावा. थर दोन वेळां पसरून दोन वेळां दाबावा. रूळ नसेल तर धुम्मस आहेच, वेळ जास्त लागेल एवढेंच.

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ आहे. त्याचे चार ठिय्ये ९० फुटांच्या अंतरानें चौकोनाच्या कोपऱ्यांवर असतात, आणि त्यांच्या जवळपासची भूमि गवताची नसून मातीची असते. तिच्यांत वाळू निम्म्याहून अधिक आणि बाकी गाळ व चिकणमाती असें प्रमाण राखतात. चेंडू फेकणारा ज्या १० इंच उंचीच्या ओट्यावर उभा राहतो, त्यावर त्याचा पाय रोज एकाच जागीं पडून खळगा होतो. तो खळगा सामना संपल्यावर चिकणमातीनें भरून, ठोकून, झांकून ठेवितात. तेथील मैदान राखणाऱ्यांची सारी प्रतिष्ठा मातींतील ओल राखण्यावर अवलंबून असते, आणि सामना चालू असतांनासुद्धां मध्येंच येऊन ते ती भूमि जाळीनें विंचरून जातात. लक्षावधि डॉलर खर्चणाऱ्या त्या लोकांना जें शिकावें लागतें, तें मांजरसुंब्याच्या शेतकऱ्याला वाफसा या एका शब्दांत उमगलेलें असतें.

आंखणीला दोरी, खुंट्या आणि थोडी भूमिति लागते. काटकोन डोळ्यानें साधूं नये. दोरीला तीन, चार आणि पांच मीटरांवर गांठी मारून त्रिकोण ताणला कीं काटकोन मिळतो. शाळेंत फळ्यावर शिकविलेला प्रमेय मुलांना येथें पायांखालीं दिसतो. चौकोन पुरा झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावे. २७ आणि १६ मीटरांच्या आयताचा कर्ण ३१ मीटर ३८ सेंटिमीटर भरतो. दोन कर्णांत फरक आला तर चौकोन कललेला आहे. त्यानंतर दोन्ही टोंकांकडील दीड-दीड मीटर सोडून उरलेल्या २४ मीटरांत ३० सेंटिमीटर रुंदीची मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या आंखाव्या. रेषा मारण्यास कळीचा चुना कदापि वापरूं नये. ओल्या मातीवर तो तापतो, कातडें भाजतो, आणि सूर मारणाऱ्याच्या डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याची भीति. रांगोळीची पूड उत्तम. ती नसेल तर चाळलेली राख. पांढरी शुभ्र रेषा छायाचित्रांत शोभते, राखेची रेषा खेळास पुरते.

खांब लांकडाचे, जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर उंच, ९ ते १० सेंटिमीटर जाडीचे, तासून गुळगुळीत केलेले असावेत. गांठ, कूस, खिळा कांहीं नको. कित्येक ठिकाणीं खांब हलूं नये म्हणून बुडाशीं सिमेंटचा ओटा करितात. हा प्रकार धोक्याचा आहे. खांब धरून अंग झोंकून देणाऱ्या मुलाचें डोकें नेमकें त्या ओट्याजवळ येतें. खांब हातभर खोल पुरून भोंवतीं दगड-मुरूम ठोकून घट्ट करावा, आणि वरची वीतभर जागा केवळ मातीनें भरावी. खांबाच्या भोंवतालचें एवढें एक वर्तुळ मात्र घट्ट दाबूं नये. रोज खेळापूर्वीं तें कुदळीनें हलवून भुसभुशीत करावें, म्हणजे सूर मारणारा त्यावर पडेल. बाकी अंगण घट्ट आणि हीं दोन वर्तुळें मऊ.

खेळ सुरू झाला कीं मैदान बिघडूं लागतें, आणि तें सर्वत्र सारखें बिघडत नाहीं. आठ गडी ज्या चौकोनांत बसतात तेथें ‘खो’ मिळतांच उठतांना पायाचा चवडा मातींत रुततो. आठवडाभरांत तेथें वाटीएवढे खळगे पडतात. दुसरी झीज खांबांपाशीं. खेळ संपल्यावर हे खळगे राखून ठेवलेल्या मिश्रणानें भरावे, पाणी शिंपडावें, ठोकावें. दहा मिनिटांचें काम आहे. तें त्याच संध्याकाळीं झालें नाहीं तर दुसऱ्या दिवशीं खळग्याची कड तुटून तो ताटाएवढा होतो आणि कोणाचा तरी घोटा मुरगळतो.

खळ्याप्रमाणें मैदानही शेणानें सारवावें, धूळ बसेल, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. ही सूचना मानूं नये. खळ्यावर धान्य पडत असे, मैदानावर मूल पडतें आणि त्याचा गुडघा फुटतो. जनावरांच्या शेणांत धनुर्वाताचे जंतु असूं शकतात, आणि फुटलेल्या कातड्यांतून ते शरीरांत शिरतात. मैदानांत गुरें बसूं न देणें यासाठींच महत्त्वाचें आहे. कुंपण काट्याचें न घालतां शेराचें किंवा घायपाताचें घालावें असेंही कोणी म्हणेल, पण शेराचा चीक डोळ्याला वाईट आणि घायपाताचीं टोंकें सुईसारखीं, तेव्हां दगडांची गडगी हीच बरी. वेंचलेले दगड तेथें कामास येतात. मुलांना धनुर्वाताची लस वेळच्या वेळीं दिली आहे कीं नाहीं, हें खेळ शिकविणाऱ्यानें विचारून घ्यावें, आणि जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुऊन दवाखान्यांत पाठवावें.

पाण्याचा प्रश्न येथवर टाळला, पण या मुलखांत तो टळत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें मराठवाडा तहानलेला होता. लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर आलें. त्याच महिन्यांत, लोक घोटभर पाण्यासाठीं रांगा लावीत असतां क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर पाणी ओतावें काय, असा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें आला. मैदानांसाठीं शुद्ध केलेलें सांडपाणी वापरूं, अशी तयारी चालकांनीं दाखविली. तरीही एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे असा न्यायालयाचा आदेश झाला आणि मुंबईचा अंतिम सामना बंगळुरास खेळला गेला. सामने हलविल्यानें एका खेड्याचीही तहान भागली नाहीं, असें त्या वेळीं पुष्कळ म्हणाले. तें खरें असलें तरी ज्या गांवांत टँकरची वाट पाहत हंडे मांडलेले असतात, त्या गांवांत शाळेच्या मैदानावर गोडें पाणी शिंपडलेलें कोणाला पाहवणार नाहीं, आणि पाहवूं नये.

हिशेब असा. ५७० चौरस मीटरांवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ५७० लिटर. दोनशे लिटरचीं तीन पिंपें. धूळ बसविण्यास रोज संध्याकाळीं एवढें पुरे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत खेळाचे दिवस १२० धरले तर सारें मिळून ६८,४०० लिटर. आतां शाळेचें छप्पर पाहावें. दोनशे चौरस मीटर छपरावर अवर्षणाच्या वर्षीं पांचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी एक लक्ष लिटर पाणी होतें. चौथा हिस्सा वायां गेला असें धरूनही ७५,००० लिटर उरतें. तें सांठविण्यास पांच मीटर लांब, पांच मीटर रुंद व तीन मीटर खोल असें झांकलेलें टांकें पाहिजे. टांकें बांधण्यास पैसा लागतो, तो जमेपर्यंत दुसरा मार्ग आहे. मध्यान्ह भोजनापूर्वीं व नंतर मुलें हात धुतात तें पाणी पन्हळीनें एका पिंपांत सोडावें. शंभर मुलांमागें दोन-दोन लिटर धरलें तरी दिवसाचे दोनशे लिटर झाले. सबंध अंगणाला तें पुरत नाहीं. खांबांचीं दोन वर्तुळें, आठ चौकोन आणि मधली पाटी एवढ्यापुरतें पुरून उरतें, आणि झीजही तेथेंच होत असते. ज्या वर्षीं विहिरीच आटल्या त्या वर्षीं पाणी अजिबात बंद ठेवावें, मुलांना सूर मारूं देऊं नये, धांवण्याचे व चकविण्याचे धडे द्यावे. एका वर्षाच्या विश्रांतीनें मैदान मरत नाहीं.

हें सारें काम करावयाचें कोणी? शाळेंत शिपाई असतो किंवा नसतो. मैदान झाडणें, रूळ ओढणें, रेषा मारणें हीं कामें हलकीं, असा एक समज आपल्याकडे मुरलेला आहे, आणि त्याची किंमत एकदां फार मोठ्या माणसानें मोजली. १८७६ सालीं धारवाड येथें चर्मकार समाजांत जन्मलेले पळवणकर बाळू हे पुण्यास आधीं पारशांच्या क्रिकेट मंडळांत तीन रुपये महिन्यानें खेळपट्टी झाडण्या-दाबण्याच्या कामास होते. पुढें १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबांत त्यांना चार रुपये मिळूं लागले. खेळपट्टी दाबावी, आंखावी, सरावाच्या जाळ्या उभ्या कराव्या, प्रसंगीं टेनिसच्या अंगणाच्या रेषा माराव्या, हें त्यांचें काम. तेथील गोऱ्या फलंदाजांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां ते डावखुरे गोलंदाज झाले. हातांत बॅट मात्र त्यांना तेथें कोणी दिली नाहीं. पुढें १९०६ सालीं मुंबईस हिंदूंच्या संघानें युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला त्यांत बाळू होते, आणि १९११ सालीं विलायतेस गेलेल्या हिंदी संघांतर्फे त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तरी पुण्याच्या हिंदु संघांत ते खेळूं लागले तेव्हां चहाच्या वेळीं त्यांचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांतून येत असे. खेळपट्टीवर चेंडू कोठें वळेल हें ती स्वतः दाबलेल्या माणसाला इतरांहून अधिक कळत असलें पाहिजे. मैदानाचें काम एकाच मुलाच्या किंवा एकाच वाड्यांतल्या मुलांच्या माथीं कधींही मारूं नये; जो खेळेल त्यानें पाळीनें रूळ ओढावा, आणि संघनायकाची पाळी पहिली असावी.

पाळीचा विषय निघाला म्हणजे या जिल्ह्याची एक व्यथा आडवी येते. हस्ताच्या पावसांत मैदान तयार होतें, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास तें खेळण्यास योग्य होतें, आणि नेमक्या त्याच वेळीं बीड जिल्ह्यांतील हजारो कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जावयास निघतात. घरीं सांभाळणारें कोणी नसलें तर मुलेंही गाडीवर बसतात. कार्तिकांत आंखलेल्या आठ चौकोनांपैकीं तीन-चार रिकामे राहतात. हीं मुलें चैत्राच्या आगेमागें परत येतात, तेव्हां ऊन तापलेलें असतें आणि परीक्षा जवळ आलेली असते. म्हणून मांजरसुंब्यासारख्या गांवीं मैदान फाल्गुनांत बंद न करितां चैत्र-वैशाखांत पहाटेच्या वेळीं दोन तास उघडें ठेवावें. टांक्यांतील पाण्याचा चौथा हिस्सा या दिवसांसाठीं राखावा. १२० दिवसांच्या हिशेबांत तेवढी काटकसर करतां येते, कारण हिंवाळ्यांत दंव पडतें आणि एक दिवसाआड शिंपडलें तरी चालतें. परगांवीं ज्यांचे सहा महिने फडांत गेले त्यांचे गुडघे कठीण झालेले असतील, पण सूर विसरलेला असतो. त्यांना पहिले आठ दिवस खांबाजवळ नेऊं नये.

मृगाचे ढग दिसूं लागले म्हणजे मैदान मिटावें. खांब उपटून, पुसून, तेल लावून शाळेच्या ओसरीवर आडवे ठेवावेत. उभे ठेवल्यास वाकतात. खांबांचे खड्डे दगडांनीं भरून वर माती दाबावी, नाहींतर कोणाच्या तरी वासराचा पाय त्यांत जातो आणि मग गांव खेळाच्या विरुद्ध जातें. चारी कोपऱ्यांवर वीतभर लांबीचे लोखंडी खिळे जमिनीच्या खालीं दोन अंगुळें पुरून, त्यांचें अंतर शाळेच्या भिंतीपासून मोजून, वहींत लिहून ठेवावें. पावसाळ्यांत मैदानावरून बैलगाडी, ट्रॅक्टर कांहीं जाऊं देऊं नये. ओल्या मातींत पडलेली चाकोरी पुढें वर्षभर पुसत नाहीं. भाद्रपदांत वही काढावी, खिळे शोधावेत आणि पुन्हां सराट्याच्या वेलापासून आरंभ करावा.